सटवाजीची तेरा काडतुसं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारा माणूस आता उरलेला नाही आणि मीही ते उगाच बनवून सांगणार नाही. डोंगरांचं राज्य होतं, एवढं पुरे.

त्या राज्यात पाणी भरपूर, लाकूड भरपूर, नाचणी बेताची आणि पितळ मात्र औषधालाही नाही. पितळ सात डोंगर ओलांडून बाहेरून यायचं. म्हणून तिथल्या राजाने एक साधा नियम करून ठेवला होता. गावाच्या राखणदाराने बंदूक झाडली, की काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलायची आणि दारूखान्यात परत आणून द्यायची. तीच पुंगळी साफसूफ करून पुन्हा भरली जायची. एकेका पुंगळीने दहादहा राखणदार पाहिलेले असत.

दारूखाना म्हणजे बंदुकीच्या दारूचा बरं का. भलतं काही मनात आणू नका.

तर अशी ही घाटाच्या पायथ्याची लांबट कौलारू पडवी. तिथे परत आलेल्या पुंगळ्या आधी चिंचेच्या पाण्यात उकळत. मग साच्यातून काढून त्यांचा घेर सारखा करत. झाडल्यावर पितळ ताणलं जाऊन थोडं लांब होतं, म्हणून तोंडाकडून कापून सगळ्यांची लांबी एक करत. आणि कापलं, की तोंडाच्या काठावर बारीक धार उभी राहते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र कळते. ती धार आतून आणि बाहेरून मोडायची असे. त्या कामाला तिथे ‘काठ मोडणं’ म्हणत. काठ मोडला की पुंगळीत दारू भरायची आणि शेवटी तिच्या तोंडात शिशाची गोळी दाबून बसवायची.

गोळी बसवण्याचं काम सटवाजीचं होतं.

सटवाजी पंचावन्नचा असेल. दंड असे, की अंगरख्याची बाही दरवर्षी उसवायची. गोळी बसवायला एक लोखंडी दांडा होता. खाली पुंगळी ठेवायची, वर गोळी धरायची आणि दांडा खाली ओढायचा. सटवाजी तो दांडा असा ओढायचा, की बाजाराला निघालेली माणसं पडवीपाशी थांबून बघत. सटवाजीलाही ते माहीत होतं. कुणी बघत असेल तर तो उगाचच एक हुंकार देऊन दांडा ओढायचा. बघणारे नसले की हुंकार नसायचा.

काठ मोडण्याचं काम भिवराक्काचं. सत्तरीची, वाळलेली, बोलायला तिखट. पडवीच्या टोकाला उजेडाकडे तोंड करून ती बसायची. तिच्याकडे गाजरासारखी निमुळती एक पोलादी कानस होती. पुंगळी घ्यायची, कानशीचं टोक तिच्या तोंडात घालायचं आणि हलक्या हाताने दोन फेरे. मग पुंगळी फिरवून बाहेरच्या काठाला एक फेरा. फुंकर मारून पितळेचा कीस उडवायचा. आणि मग कमरेच्या बटव्यातून कापसाचा पुंजका काढून तो काठावरून हळूच ओढायचा. कापसाचा एक तंतू जरी काठाला अडकला, तरी पुंगळी पुन्हा कानशीखाली. असं तिचं चालायचं, आणि तिच्यामागे टोपल्या तुंबायच्या.

“आक्का,” सटवाजी म्हणायचा, “कापसानं पितळेला आंघोळ घालतीस व्हय? हाण दोन हात नि टाक इकडं.”

“हाणायला तू हायेस की,” भिवराक्का मान वर न करता म्हणायची. “समद्यांनीच हाणायचं ठरवलं तर बसायचं कुनी?”

लोक हसायचे. सटवाजीही हसायचा, पण त्याला ते आतून लागायचं. कारण खरं सांगायचं तर त्याला मनापासून वाटे, की काडतूस आपण करतो आणि बाकीचे फक्त भांडी घासतात. असं वाटणारी माणसं प्रत्येक पडवीत असतात. तुमच्याही असतील. बहुतेक वेळा त्यांचा आवाज मोठा असतो.

या सटवाजीला एकच मुलगी होती. मैना. ती घाटापलीकडच्या गावात दिली होती आणि तिचा नवरा हैबती हा त्या गावाचा राखणदार होता. मुलगा शांत, नेमबाज, शब्दाला पक्का. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती आणि सासऱ्याची नेमकी तीच अडचण झाली होती. लग्नाला चार वर्षं झाली, पण सटवाजी त्याच्याशी बोलायचा ते शिकवायलाच. बंदूक अशी धरा. घराला कूड असा घाला. बैलाला दाणा एवढा घाला. हैबती खाली बघून “व्हय मामा” म्हणायचा आणि लवकर उठून गोठ्याकडे जायचा. दोघांत भांडण कधी झालं नाही. चार वर्षांत एकदाही दोघं एकत्र बसून पोटभर हसलेही नव्हते. मैनेला ते दिसायचं. ती कुणाकुणाला सांगणार?

एके दिवशी ऐन दुपारी घाटातून एक माणूस धावत आला. हैबतीच्याच गावचा. पडवीच्या खांबाला धरून त्याने आधी श्वास घेतला.

“गवा पिसाळलाय,” तो म्हणाला. “एकला नर हाय. खांद्यात कुनाच्या तरी भाल्याचं पातं मोडून ऱ्हायलंय, त्यानं बिथरलाय. गावाच्या झऱ्यावर येतो. काल दोघांना उडीवलं. बायका पान्याला जायच्या बंद झाल्या. हैबतीकडं तीनच काडतुसं होती, ती गव्याला भेवडवण्यात गेली. आज दिस कलताना तो पुन्हा उतरंल. हैबती त्याला झऱ्यावरच गाठनार. काडतुसं द्या, मला उलट्या पावली जायचं हाय.”

पडवीत तयार काडतूस एकही नव्हतं. होतं ते सगळं आदल्या दिवशी राजाच्या गडावर गेलं होतं.

“भाकर खा,” सटवाजी म्हणाला. “तुझी भाकर खाऊन हुईस्तोवर काडतुसं देतो.”

त्याच्या आवाजात धीर होता आणि थोडा तोराही होता. जावयाच्या जिवाचा प्रश्न होता, आणि तो जीव वाचवायला सासऱ्याचाच हात लागणार होता. सटवाजीला खरोखर काळजी वाटत होती, हे मी मान्य करतो. पण काळजीच्या शेजारीच तोरा बसला होता आणि जागा त्यानेच जास्त अडवली होती.

भिवराक्काने कानस आधीच उचलली होती. “कापलेल्या टोपलीतल्या दे इकडं,” ती म्हणाली. “भाकर सरंपातूर जमंल तेवढे काठ मोडते.”

“किती जमतील?”

“पाच. लई झालं तर सा.”

“पाच!” सटवाजीने कपाळाला हात लावला. “आक्का, त्यो गवा हाय, शेळी न्हवं. पाच काडतुसांत काय व्हनार?”

“पाच नीट असली तर पुष्कळ हायेत.”

“तू तुझी पाच कर,” सटवाजी म्हणाला. “मी टोपलीतनं बाकीची तशीच भरतो.”

भिवराक्काचा हात थांबला. “काठ कोरा हाय त्यांचा, सटवाजी. धार हाय.”

“माझा हात हाय की. धार काय करती माझ्या हाताला?”

तिने पुढची पुंगळी उचलली. बोलण्यात एक काठ मोडायचा राहून गेला असता.

सटवाजीने पुंगळ्या ओळीने मांडल्या, दारू भरली आणि दांड्यापाशी गेला. पहिली पुंगळी ठेवली, वर गोळी धरली, दांडा ओढला. गोळी तोंडाशी अडली. एरवी ती अशी अडत नसे. सटवाजीने खांदा दिला, दांडा आणखी ओढला आणि गोळी करकरत आत गेली. काडतूस बाहेर काढलं तेव्हा तोंडाशी शिशाची एक बारीक साल सुटून वर आली होती, रंधा मारल्यावर लाकडाची येते तशी.

सटवाजीने ती पाहिली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे कुणी म्हणेल की त्याला दिसलंच नसेल. त्याला दिसली. त्याने खांद्यावरचं फडकं घेतलं, ती साल पुसून टाकली आणि काडतूस चकचकीत करून बाजूला ठेवलं.

दुसरीलाही तेच झालं. तिसरीला तोंडाचा काठ जरासा आत वळला, तो त्याने बोटाने चाचपला आणि सोडून दिला. जेवढी गोळी अडायची, तेवढा सटवाजी जोर लावायचा. घाम येत होता, आणि घाम आला की त्याला काम नीट होतंय असं वाटायचं. त्याची सवयच होती ती.

मग भिवराक्काने काठ मोडलेल्या पाच पुंगळ्या आल्या. पहिलीवर त्याने गोळी धरली आणि त्याच जोरात दांडा ओढायला गेला. दांडा हातातून जवळजवळ निसटलाच. गोळी अशी आत गेली, जसा जुन्या चपलेत पाय जावा. करकर नाही, साल नाही. सटवाजी क्षणभर थांबला. हाताला फरक कळला होता. पण हाताला कळलेलं डोक्यापर्यंत जायला त्याच्याकडे वाट मोठी लांबची होती. “सैल हायेत,” एवढं पुटपुटून त्याने उरलेली चार बसवली.

तोवर त्या माणसाची भाकर संपली होती. त्याच्या चामडी पट्ट्यात बारा खळगे होते. सटवाजीने स्वतःची बारा काडतुसं त्या बारांत ओळीने बसवली आणि भिवराक्काची पाच एका चिंधीत गुंडाळून त्याच्या कनवटीला खोचायला दिली.

“हैबतीला सांग,” तो म्हणाला, “पट्ट्यातली मामाच्या हातची हायेत. आधी ती वापरायची.”

माणूस धावत घाटाला लागला.

सटवाजीने एकूण तेरा भरली होती. तेरावं काडतूस दांड्याशेजारच्या फरशीवर राहिलं होतं. त्याने हात धुतले, पाणी प्यायला, खाली बसला आणि सहज चाळा म्हणून ते काडतूस फरशीवर बोटाने लोटलं. काडतूस घरंगळत गेलं.

पुंगळी सरळ घरंगळत होती. पण पुढचं गोळीचं टोक वर-खाली, वर-खाली होत होतं.

सटवाजीने ते उचलून पुन्हा लोटलं. टोक पुन्हा वर-खाली झालं. तिसऱ्यांदा त्याने फरशी पुसली, फरशीत खोट असेल म्हणून. फरशी सपाट होती. टोक तसंच डुलत होतं.

भिवराक्का तिकडून बघत होती. ती उठली, गुडघ्यांवर हात देत सावकाश आली आणि तिने त्याच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं. फडकं उलगडलं. आत शिशाच्या बारीक साली होत्या. तिने त्या तळहातावर झटकल्या आणि तळहात त्याच्यापुढे धरला.

“हे गोळीच्या अंगावरचं हाय,” ती म्हणाली. “काठाच्या धारेनं सोललं. एका अंगानं जास्त, एका अंगानं कमी. मग गोळी बसली कशी? वाकडी. तू वरनं जोर दिलास, ती आणिक वाकडी झाली.”

“वाकडी म्हंजे किती?” सटवाजीचा आवाज बारीक झाला होता. “इवलंसं तर डुलतंय.”

“हितं इवलंसं. चाळीस पावलांवर किती, ते तूच मोज.”

सटवाजी मोजू लागला आणि मोजणं अर्ध्यात सोडून उठला. तिसऱ्या पुंगळीचा आत वळलेला काठ त्याला आठवला. ज्या काडतुसाचं तोंड बिघडलेलं असतं, ते बंदुकीत पुरतं शिरत नाही. अर्ध्यात अडकतं. अडकलं, की ना झाडता येत ना काढता येत. आणि समोर गवा थांबणार होता थोडाच?

“कुनाला धाडू, आक्का? पुंगळ्या उकळनाऱ्या चंगळ्याला धाडू का?”

“धाड की. त्यो जाऊन सांगंल, सटवाजीची बारा टाकून द्या, म्हातारीची पाच घ्या. तुझा जावई ऐकंल?”

सटवाजीने विचार केला. हैबती ऐकणार नव्हता. सासऱ्याचा मान ठेवण्यात त्याने चार वर्षांत कसूर केली नव्हती. कुणा तिसऱ्याच्या शब्दावर तो सासऱ्याच्या हातचं काडतूस खाली ठेवणार नव्हता. ते काम एकाच तोंडाने होण्यासारखं होतं.

सटवाजीने चपला घातल्या, तेरावं काडतूस मुठीत घेतलं आणि तो घाट चढू लागला.

घाट मी तुम्हाला वर्णन करून सांगत बसत नाही. चढ होता आणि सटवाजी पंचावन्नचा होता. ज्या दंडांकडे लोक थांबून बघत, ते दंड चढणीला काही उपयोगाचे नव्हते. तिथे पाय लागतात आणि छाती लागते. पहिल्या वळणावर त्याला दम लागला, दुसऱ्यावर पागोटं काढून हातात घ्यावं लागलं. वाटेत तो मनाशी वाक्यं जुळवत होता. ‘जरा घाई झाली.’ ‘पितळच या खेपेला हलकं होतं.’ ‘आक्कानं हात आखडता घेतला.’ प्रत्येक वाक्य त्याने दोनदोनदा म्हणून पाहिलं. सगळी छान होती, आणि सगळ्यांत तो स्वतः सुटत होता.

तो गावात पोचला तेव्हा ऊन कललं होतं. चावडीपुढे सगळं गाव उभं होतं. हैबतीच्या कमरेला तो चामडी पट्टा होता, बाराही काडतुसं चकाकत होती. चिंधीतली पाच बाजूला कट्ट्यावर पडली होती. हैबतीसोबत ढोलाच्या आवाजाने गव्याला वळवायला आठ माणसं निघाली होती. आपल्या घराच्या दारात मैना उभी होती. बापाला पाहून ती धावत पुढे आली.

“आबा! तुमी चालत आलात? घाट चढून?”

सटवाजीने मान डोलावली. बोलायला श्वास नव्हता. हैबती पुढे येऊन त्याच्या पाया पडला.

“मामा, कशाला तरास घेतलात? काडतुसं पोचली. तुमच्या हातची हायेत म्हनल्यावर आता काळजी न्हाई.”

गावाने माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, “सासरा असावा तर असा.” सटवाजीने वाटेवर जुळवलेल्या वाक्यांची तेव्हा गंमत झाली. एकही वर येईना.

“जावईबापू,” तो शेवटी म्हणाला, “ती... ती पट्ट्यातली जरा घट्ट बसलीत.”

“घट्टच पायजेत मामा,” हैबती अदबीने म्हणाला. “सैल गोळी काय कामाची?”

माणसं हसली. ढोल उचलले गेले. हैबतीने बंदूक खांद्याला लावली आणि मंडळी झऱ्याच्या वाटेला लागली. सटवाजी जागच्या जागी उभा राहिला. अर्धं खरं सांगून झालं होतं. उद्या काही झालं तर माणसाने बोट दाखवून म्हणावं, मी सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही, इतपत ते पुरेसं होतं. सटवाजीच्या मनात हा विचार आला आणि आला तसा त्याला त्याची किळस आली. मैना नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. पदराचं टोक तिने दातांत धरलं होतं.

“हैबती, थांब!”

जावयाला त्याने आजवर एकेरी हाक मारली नव्हती. सगळे वळले.

“ती बारा वाकडी हायेत,” सटवाजी म्हणाला. गाव ऐकत होतं, आणि तो मोठ्याने बोलत होता. “मी काठ मोडायला थांबलो न्हाई. गोळी आत जाईना तर जोर लावला. शिसं सोललं, ते मला दिसलं. दिसलं नि मी पुसून टाकलं. आक्का नको म्हनत हुती, मी ऐकलं न्हाई. चूक पितळेची न्हाई, कुनाची न्हाई, माझी हाय.”

त्याने मुठीतलं तेरावं काडतूस कट्ट्यावर लोटलं, तेव्हा गोळीचं टोक सगळ्यांदेखत वर-खाली डुललं. हैबतीने सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पट्ट्यातलं एक काडतूस काढलं. पन्नास पावलांवर सावरीचं एक वठलेलं झाड होतं. त्याच्या बुंध्यावरच्या गाठीवर त्याने नेम धरला आणि बार काढला. हैबतीचा नेम चुकत नसे. पण गोळी बुंध्यालाही लागली नाही. बाजूच्या वारुळाची माती उडाली.

त्याने दुसरं काडतूस घेतलं. ते बंदुकीत निम्मं गेलं आणि अडकलं. पुढे ढकललं तर जाईना, मागे ओढलं तर येईना. शेवटी बंदूक मोकळी करून, नळीच्या तोंडातून जपून काठी घालून ते बाहेर काढेपर्यंत, गावातल्या एका म्हातारीने सगळ्या देवांची नावं घेऊन संपवली. तेवढा वेळ गव्याने दिला नसता. ते सगळ्यांना कळलं.

सटवाजीने डोळे मिटून घेतले. आता जावई काय बोलेल ते ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. गावासमोर बोलला तरी चालेल, असं त्याने ठरवलं होतं.

हैबतीने कमरेचा पट्टा सोडला. कट्ट्यावरची चिंधी उचलली, त्यातली पाच काडतुसं एकेक करून तशीच लोटून पाहिली. पाचही सरळ घरंगळली.

“पाच बास हायेत, मामा,” तो म्हणाला. “तुमी बसा. पानी प्या. मी येतो.”

एवढंच बोलून तो गेला.

झऱ्याकडून ढोल ऐकू येत होते. मग ते थांबले. एक बार झाला. सटवाजी मैनेशेजारी कट्ट्यावर बसला होता, आणि मुलीचा हात त्याने हातात घेतला होता. ती लहान होती तेव्हापासून घेतला नव्हता. दुसरा बार झाला. नंतर बराच वेळ काही नाही. मग माणसांचे आवाज येऊ लागले, आणि ते रडण्याचे नव्हते.

दोन गोळ्यांत काम झालं होतं. गव्याने चाळीस पावलांवरून मुसंडी मारली होती आणि बारा पावलांवर तो कोसळला होता. हैबतीने परत येऊन दोन रिकाम्या पुंगळ्या आणि तीन भरलेली काडतुसं कट्ट्यावर ठेवली. तो सासऱ्याच्या शेजारी बसला, अगदी खेटून.

“मामा,” मग तो म्हणाला, “मला लई भ्या वाटत हुतं आज. कुनाला सांगायची चोरी. राखनदारानं भ्या वाटतंय म्हनायचं कसं? तुमी समद्यांफुडं चूक सांगितलीत नि मला वाटलं, या मानसाला आपन काय बी सांगू शकू.”

सटवाजीच्या डोळ्यांना पाणी आलं. ते त्याने लपवलं नाही. “मला बी भ्या वाटत हुतं,” तो म्हणाला. “घाटभर. माझ्या अब्रूचं.”

“अब्रू तर घाटातच दमली असंल,” हैबती म्हणाला.

आधी मैना हसली. मग हैबती हसला, आणि मग सटवाजी असा हसला, की त्याला खोकल्याची उबळ आली आणि जावयाला त्याची पाठ चोळावी लागली. त्या संध्याकाळी तिघं एका पंगतीला जेवली. सटवाजीने बैलाच्या दाण्याबद्दल एक शब्द काढला नाही. उलट हैबतीनेच विचारलं, तेव्हा कुठे दोन गोष्टी सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सटवाजी दारूखान्यात परतला, तो दांड्याकडे गेलाच नाही. तो सरळ पडवीच्या टोकाला जाऊन भिवराक्कापुढे मांडी घालून बसला.

“आक्का, मला काठ मोडायला शिकीव.”

भिवराक्काने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कानस दिली आणि एक पुंगळी दिली. सटवाजीने कानस पुंगळीच्या तोंडात घातली आणि गरागरा फिरवली.

“झालं वाटोळं,” भिवराक्का म्हणाली. “आता काठ कागदासारखा पातळ झाला. गोळी धरायची ताकदच गेली त्याची. धार मोडायची, काठ न्हाई मोडायचा. दोन फेरे. तिसरा न्हाई.”

“दोन म्हंजे दोनच?”

“व्हय. नि जोर नगं. जोर घरी ठिवून ये.”

त्या दिवशी सटवाजीने बारा पुंगळ्या केल्या आणि बाराही कापसाला अडकल्या. बाजाराला चाललेली माणसं पडवीपाशी थांबली आणि दांड्याजवळ कुणी नाही म्हणून पुढे गेली. सटवाजीला त्याचं थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. पण संध्याकाळी तेराव्या पुंगळीवरून कापूस ओढला तो तंतू न अडकता सरकला, आणि सटवाजीने ती पुंगळी भिवराक्काच्या हातात दिली. तिने ती बोटाने चाचपली आणि चांगल्यांच्या टोपलीत टाकली.

पुढे त्या दारूखान्यात असा रिवाजच पडला, की ज्याला दांडा धरायचा असेल त्याने आधी वर्षभर काठ मोडायला बसायचं. राजाच्या हुकमाने नव्हे, सटवाजीच्या सांगण्यावरून. त्यानंतर तिथलं एकही काडतूस बंदुकीत अडकलं नाही, आणि घाटापलीकडचा जावई सणावाराची वाट न पाहता सासऱ्याकडे येऊ लागला.

बोध : कुणाला आत घ्यायचं असेल, तर त्याच्यावर जोर लावण्याआधी आपल्या काठाची धार मोडावी.